घडीतला पाणवठा

विष्णू,

तुझ्या चित्रातल्या नदीवर शाईची एकही रेघ नाही, हे मला फार उशिरा दिसलं. घाटाच्या पायऱ्यांवर रेघा आहेत, पायऱ्यांच्या सांध्यांत धरलेल्या शेवाळावर आहेत, काठच्या करंजाच्या पानांत तर इतक्या आहेत की बघता बघता डोळे दुखायला लागतात. आणि नदी म्हणजे नुसता कोरा कागद. तरी ती वाहताना दिसते. सकाळपासून हे चित्र टेबलावर मांडून तेच बघत बसलोय. तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. शाळेत रजेचा अर्ज दिलाय, आणि घरी सगळ्यांना वाटतंय की मी परीक्षेचे पेपर तपासतोय.

शाळेच्या वार्षिकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या म्हणाले. जन्म कुठला, कुठल्या परीक्षा पास, किती वर्षं नोकरी. दोन ओळी लिहिल्या आणि कागद बाजूला सारला. ते ज्याला पाहिजे तो शोधून काढेल. मला तुझ्याशी बोलायचंय. जे बोलायचंय ते बारा वर्षं माझ्या तोंडात तसंच राहिलंय, आणि आता ऐकायला तू नाहीस.

आपण दोघं एकाच वर्षी निपाणीच्या शाळेत लागलो. तू शहापूरच्या विणकराचा मुलगा, ड्रॉइंग मास्तर. मी इथल्याच जैनाचा, मराठी शिकवणारा, घरी तंबाखूची वखार. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या घरी जेवायला आलास तेव्हा आई तुला कन्नडमधून म्हणाली, ‘बा, ऊटा माडु,’ ये, जेवायला बस. तू तिला तुझ्या शहापुरी कन्नडमधून असं काही उत्तर दिलंस की ती हसत हसत आत पळाली. नंतर मला म्हणाली, हा तुझा मित्र बोलतो कन्नड, पण ऐकायला मराठीच वाटतं. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. तू ते लक्षात ठेवलंस. पुढं मी शहापूरला तुझ्याकडं यायचो तेव्हा वहिनी उन्हं कलायच्या आधी चूल पेटवायच्या, आणि तू मागावरून उठून हात धुऊन माझ्याबरोबर बसायचास, भूक नसली तरी.

बारा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अकरा रविवार आपण वेदगंगेवर गेलो. दोन सायकली, तुझ्या पाठीला बांधलेली फळी, माझ्या पिशवीत पोरांच्या निबंधाच्या वह्या. तू पलीकडच्या काठावर पोतं अंथरून बसायचास. शाईची दौत कलंडू नये म्हणून तिला दोरीनं दगडाशी बांधायचास. टाकाचं टोक धोतराच्या सोग्याला पुसायचास, त्यामुळं तुझ्या सगळ्या धोतरांना उजव्या बाजूला काळे डाग असायचे. मी करंजाखाली बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो. तासन्‌तास आपण एक शब्द बोलायचो नाही. इतकं न बोलता दुसऱ्या कुणाशी बसता आलं नाही मला, आधीही नाही आणि नंतरही नाही.

एकदा विचारलं होतं, सावली कशी करतोस रे?

‘इणतोय की,’ तू म्हणालास. ‘आधी उभ्या रेघा, मग आडव्या. दाट पाहिजे तिथं फणी जोरात मारायची. बाप कापडावर करतोय, मी कागदावर करतोय.’

‘आणि चुकली रेघ तर?’

‘चुकली तर चुकली. शाई हाय ही, जिनू. पुसत न्हाय. चुकलेल्या रेघंचं काय करायचं ते पुढच्या रेघंनं बघायचं.’

चित्रात डावीकडं घाट आहे. पाटलाच्या घरची बाई घागर काखेत घेऊन वर चढतेय, तिच्या पायाखालच्या पायरीवर ओल्या पावलाचा ठसा आहे. एवढा बारीक की मी तो तू गेल्यावर पहिल्यांदा बघितला. मध्ये वाळूवर पालथी घातलेली काईल, गूळ कढवायची मोठी कढई, पावसाळ्यात तिच्यातच बसून लोक नदी पार करतात. तिच्या बुडावर एक कावळा. मग बाभळीचं झाड, आणि बाभळीच्या उजवीकडं, पाण्याच्या खालच्या अंगाला, दुसरा पाणवठा. तिथं पायऱ्या नाहीत. वरच्या घाटावर धुतलेलं, खंगाळलेलं सगळं वाहत तिकडं जातं, आणि म्हशी तिथंच डुंबतात. म्हणून तिथल्या बायका नदीचं पाणी भरत नाहीत. वाळूत हातभर खड्डा उकरतात आणि त्यात पाणी झिरपायची वाट बघत बसतात. करवंटीनं एकेक घोट वर काढून मडकं भरतात.

तीन बायका तू तिथं काढल्यास. दोघींची पाठ आहे. तिसरीचा चेहरा दिसतो, हातात करवंटी, नजर खड्ड्यात. तिचं नाव तायव्वा. चौथ्या का पाचव्या रविवारी ती गुडघाभर पाण्यातनं आपल्या काठाला आली आणि पाच-सहा हात लांब उभी राहिली.

‘मास्तर, घाट काढतासा न्हवं? मग आमचं कशाला काढालाय?’

तू मान वर न करता म्हणालास, ‘घाट न्हाय काढत, आक्का. पाणी काढतोय. पाणी जितंवर हाय तितंवर काढायला पाहिजे का नको?’

तिनं हातातली करवंटी वर केली. मग म्हणाली, ‘मग माझी करवंटी बी काढा. फुटकी हाय, पर काढा.’

तू तिला शब्द दिलास की चित्र शाळेत लावलं म्हणजे येऊन बघ.

आणि त्या खड्ड्यातलं पाणी, विष्णू. सगळी नदी कोरी सोडलीस आणि तेवढं नखाएवढं पाणी तू काळंभोर केलंस. चित्रातली सगळ्यांत दाट जागा ती. तिथं तू टाक किती वेळा फिरवला असशील देव जाणे, कागद तिथं जरा उंचावल्यासारखा झालाय. आता वाटतं की ते ओंजळभर पाणी काळं आहे म्हणून बाकीची नदी एवढी पांढरी दिसते. त्यावर बोट ठेवून झाकलं की अख्खं चित्र सपाट होतं. हे मला तेव्हा कळलं असतं तर, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. कळलं असतं तरी मी जे केलं तेच केलं असतं.

शाळेचं संमेलन ठरलं. त्यात तुझी आणि तुझ्या वर्गाची चित्रं मांडायची होती, आणि चिटणीस मी. तुझ्या वर्गाला खोली नव्हती. पोरं व्हरांड्यात बसायची आणि झड आत आली की कागद सदऱ्याखाली धरून भिंतीला चिकटून उभी राहायची. उद्घाटनाला नदीकाठच्या त्याच गावचे इनामदार यायचे होते. ते ड्रॉइंगला एक खोली बांधून देतील अशी आम्हा सगळ्यांना आशा होती. निमंत्रण द्यायला मी गेलो. चहा झाला, विचारपूस झाली, निघताना ते सहज म्हणाले, ‘आमच्या घाटाचं चित्र काढलंय म्हणं तुमच्या मास्तरांनी. गाव जरा चांगलं दिसू द्या म्हंजे झालं.’

एवढंच. रागानं नाही, धमकी नाही. पण सायकलवरून परत येताना तेवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तुझं चित्र चौकटीत बसवायला मारुती सुताराकडं दिलं तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘उजवीकडची चार बोटं मागं दुमड. बाभळीपाशी घडी घाल.’

मारुतीनं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘मास्तरास्नी इचारलंय न्हवं?’

‘मी सांगतोय की.’

त्यानं घडी घातली. अंगठ्याच्या नखानं ती दाबून सरळ केली. तो कागदाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी स्वतःला समजावलं की हे विष्णूच्या खोलीसाठीच आहे. तुझ्या पोरांसाठी. पापणी न लवता मी हे स्वतःला सांगितलं, आणि पटलंही.

संमेलनाच्या दिवशी सकाळी चित्रं मीच भिंतींना लावली. तू कमानीचे कागद चिकटवण्यात गुंतला होतास, आत आलाच नव्हतास. पाहुणे यायला तासभर अवकाश होता तेव्हा शिपाई आत आला आणि म्हणाला, कोण एक बाई फाटकाशी उभी हाय, ड्रॉइंग मास्तर पाहिजेत म्हणतीया.

तायव्वा दोन कोस चालून आली होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. तू तिला हॉलमध्ये घेऊन आलास. शिपायानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. ती उंबऱ्यापाशी घुटमळली तेव्हा तू म्हणालास, ‘ये की आक्का, तुझंच हाय.’

ती चित्रापुढं उभी राहिली. बोट न लावता हवेत फिरवत एकेक ओळखायला लागली. हा घाट. ही पाटलीण, चालती बी तश्शीच. ही काईल. आगं बया, कावळा बी. ही बाभळ. मग बोट थांबलं. ती परत घाटापासून सुरू झाली, परत बाभळीपाशी आली. मग तुझ्याकडं वळून म्हणाली, ‘मी कुठं हाय वं मास्तर?’

तू तोवर तिच्याच तोंडाकडं बघत होतास. मग चित्राकडं बघितलंस. तुझा चेहरा मला तिथून दिसत होता, आणि तो आठवायचं मी आजवर टाळत आलोय.

तू म्हणालास, ‘मागं हाईस, आक्का. कागद मागं दुमडलाय.’

‘मागं व्हय,’ ती म्हणाली. अगदी समजुतीनं म्हणाली, जणू तुलाच वाईट वाटू नये. ‘मागंच असणार की. आमी आनि कुठं असणार? असू दे. येते मी, लांब जायाचं हाय.’

ती गेली. मग खिळ्यावरून चौकट काढलीस, काखेत मारलीस आणि चालायला लागलास. मी व्हरांड्यापर्यंत मागं आलो.

‘विष्णू, पाहुणे येतील आता.’

‘येऊ देत.’

‘निदान दुपारपर्यंत तरी—’

तू ऐकलं नाहीस. फाटकाबाहेर पडलास आणि पळायला लागलास. धोतर एका हातात, चौकट दुसऱ्या हातात. बत्तीस वर्षांचा मास्तर रस्त्यानं पळतोय, आणि तंबाखूच्या गाडीवरची माणसं वळून बघतायत. मीही मागं गेलो, पळत नाही, चालत. गावाबाहेरच्या वळणावर तू तिला गाठलंस. मी पोचलो तेव्हा तू रस्त्याकडंला मांडी घालून बसला होतास आणि चाकूनं मागचे खिळे उपसत होतास. काच काढून बाजूला ठेवलीस. घडी उलगडलीस.

तायव्वा उकिडवी बसली. ‘ही मी व्हय? एवढीशी?’

‘लांबनं बघितलंय न्हवं.’

‘करवंटी बी काढलीया,’ ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. ‘फुटकीच काढलीया, बघा.’

परत येताना तू एकदाच विचारलंस, ‘चौकट कुणी केली?’

‘मारुती सुतारानं.’

‘त्येनं आपल्या मनानं दुमडलं?’

विष्णू, तो रस्ता, डाव्या हाताला तंबाखूचं शेत, तुझ्या काखेतली रिकामी चौकट, सगळं आठवतंय मला. तेव्हा सांगता आलं असतं. तू फार तर ओरडला असतास, चार दिवस बोलला नसतास. मी म्हणालो, ‘चौकट लहान पडली असंल त्याला.’

तू ‘असंल’ म्हणालास.

इनामदार आले तेव्हा भिंतीवर दोन चित्रांच्या मधोमध नुसता खिळा होता. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. पुढं काय झालं ते तुला माहीतच आहे. खोली झाली नाही. हेडमास्तरांनी तुला माफीचं पत्र लिहायला सांगितलं. मी तुझ्या बिऱ्हाडी येऊन, तुझ्या वतीनं मीच लिहितो, तू फक्त सही कर, इथपर्यंत बोललो. तू म्हणालास, ‘कशाची माफी लिवणार? आधी तेवढं सांग, मग सही करतो.’ मार्च उलटल्यावर तू शाळा सोडलीस आणि शहापूरला गेलास. मी राहिलो. पुढं मला बढती मिळाली.

मारुतीच्या दुकानावरून जाताना तू गाव सोडेपर्यंत कधी वर बघितलं नाहीस. तो बिचारा मला एकदा म्हणाला, ‘सर, मास्तर बोलत न्हाईत माझ्यासंगं. तुमी सांगा की कधीतरी.’ सांगतो म्हणालो. तोही आता नाही.

तुला कळलं होतं का रे? मला आजही ठाऊक नाही. तू तुझी पत्रं तशीच लिहीत राहिलास, कडेला मागाची नाहीतर मांजराची चित्रं काढून. माझ्या मुलीच्या बारशाला तू स्वतः नक्षी काढून विणलेलं कुंचीचं कापड आणलंस. मी वर्षातनं तीन-चारदा यायचो. काकती गावाच्या पुढं सर्व्हिस मोटार आली की दर खेपेला मनाशी घोकायचो, या वेळी सांगून टाकू. मग तुझ्या गल्लीत शिरलं की मागांच्या खटक्यांचा आवाज सुरू व्हायचा, घराघरातनं, आणि तू दारातनंच हाक मारायचास, ‘आला बघ आमचा जैन, चूल पेटवा गं लौकर!’ आणि मग ते राहून जायचं.

लढाईच्या दिवसांत एकदा आलो होतो. कागद मिळत नव्हता. तू लुगड्याच्या काठांची नक्षी जुन्या पाकिटांच्या पाठीवर काढत होतास, शाईही काजळी खलून घरीच केलेली. मी मन घट्ट करून म्हणालो, ‘विष्णू, त्या संमेलनाच्या चित्राबद्दल—’

तू टाक थांबवला नाहीस. ‘कागद लई लहान पडतोय, जिनू,’ म्हणालास. ‘आनि दुमडता बी येत न्हाय.’ मग वर बघून हसलास. ते हसणं पाकिटाच्या कागदाबद्दल होतं की माझ्याबद्दल? मी विषय तिथंच सोडला. तुला कळलेलं असलं आणि तू मला बोलण्यापासून वाचवलं असशील तर ते मी कसं फेडू? आणि कळलेलं नसलं तर तू मारुतीला दोषी धरूनच गेलास. दोन्हींतलं कुठलं बरं, हे ठरवता येत नाही मला.

यंदा तुला ताप आल्याचं कळलं तेव्हा मी लिहिलं, पेपर संपले की येतो. आठ दिवसांनी वहिनींचं कार्ड आलं. मरणाची खबर असली की फाडतात तसा कोपरा फाडलेला होता. मी ते वाचलंच नाही, दारात उभा राहिलो. आई म्हातारी झालीय, तिला आता फार आठवत नाही. तिनं आतून विचारलं, ‘यारु? कोण, विष्णू का?’ कुणी दारात आलं की ती तेच विचारते.

तेराव्याला आलो. सगळे पांगल्यावर मी वहिनींना सांगितलं. एका दमात सांगितलं, घडी, मारुती, रस्त्यावरचं खोटं. त्या तुझ्या मागाच्या कडेवर हात ठेवून ऐकत होत्या. वाटलं होतं, रडतील किंवा जा म्हणतील.

‘मला सांगून काय करू, भावजी?’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्या वतीनं माफ कर म्हणाल तर ते मला जमायचं न्हाय. त्यांचं त्यांनी काय ठरवलंतं मला म्हाईत न्हाय. माझ्याजवळ कधी तुमचं वाईट बोलले न्हाईत, एवढंच खरं.’ मग उठून ट्रंकेतनं हे चित्र काढलं. एका धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं होतं. ‘चित्रातली ती बाई हाय का अजून?’

‘माहीत नाही.’

‘बारा वर्षांत बघितलं न्हाईसा?’

नव्हतं बघितलं. नदी दोन कोसांवर आहे, आणि बारा वर्षांत मी त्या काठावर गेलो नव्हतो.

‘मग जाऊन या,’ त्या म्हणाल्या. ‘चित्र घेऊन जावा. परत आणून द्या मात्र.’

परवा गेलो. स्वातंत्र्य येणार, आता येणार, म्हणून निपाणीत चौकाचौकात बोलणं चाललंय, आणि नदीवर तसंच आहे. वर पायऱ्या, खाली खड्डे. बाभळ तोडलीय. तायव्वाचं घर विचारत गेलो. ती दारात बसली होती, दोन्ही डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालेलं. पावलं ऐकून म्हणाली, ‘कोण?’

मी शाळेचं नाव सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. ‘मास्तर आलाय?’

तेव्हा मला कळलं की मला तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि तुझी आधी सांगायला लागणार. सांगितली. ती पदर तोंडात धरून पुढंमागं डुलत राहिली. मग विचारलं, त्रास झाला का फार? लेकरं किती? बायको काय करती आता? मी एकेक सांगत गेलो. तुझ्यासाठी इतकं रडलेलं मी शहापुरातही कुणाला बघितलं नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. ‘आक्का, त्या दिवशी चित्राची घडी घातलेली. तुला मागं दुमडलेलं. ते मी केलेलं.’

‘कसली घडी?’

मी परत सांगितलं. ती आठवायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी म्हणून. शेवटी मान हलवली. ‘तसलं काय ध्येनात न्हाय बा. मास्तर मागनं पळत आलाता, तेवढं हाय ध्येनात. आमच्यामागं आसं कोण पळत येतंय? मारायला येत्यात ती सोडून. मी म्हटलं, काय इसरलं का काय माझं तिथं.’

बारा वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो ते तिनं ठेवूनही घेतलं नव्हतं. तिच्या हातचं पाणी प्यायलं म्हणजे काहीतरी फिटेल असं वाटलं. मी म्हणालो, ‘आक्का, पाणी दे जरा.’

तिनं आपले ते न दिसणारे डोळे माझ्याकडं वळवले. ‘तान लागलीया खरंच?’

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ‘न्हाय,’ म्हणालो.

‘मग ऱ्हाऊ द्या.’

मग मी पंचा सोडून चित्र बाहेर काढलं आणि तिच्यापुढं भुईवर ठेवलं. म्हणालो, हे ठेवून घे, वहिनींना मी सांगतो. ती म्हणाली, घर गळतंय, शाई जाईल, तिचं तिला नेऊन द्या. पण दाखवा एकदा.

दाखवायचं म्हणजे तिचं बोट धरायला पाहिजे होतं. मला क्षणभर लागला, विष्णू. तुझ्यापासून ते काय लपवू? मग धरलं. वाळलेलं, खडबडीत बोट. घाटावरून नेलं, पायऱ्यांवरून, पाटलिणीवरून, काईलीवरून. घडीची रेघ अजून तशीच आहे, कागद तिथं उसवल्यासारखा झालाय, बाभळीच्या बुंध्यातनं वरपासून खालपर्यंत. तिच्या बोटाला ती लागली. ‘हे काय?’ तिनं विचारलं. मी म्हणालो, हीच ती घडी. ‘बरं,’ म्हणाली, आणि स्वतःच बोट पुढं सरकवलं.

‘ही तू. ही करवंटी. आणि हे खड्ड्यातलं पाणी.’

‘हूं,’ तिनं त्यावर बोट दोनदा फिरवलं. ‘आनि मास्तर कुठं बसलाता?’

चित्रात तू नाहीस. सगळं तू जिथून बघितलंस ती जागा कागदाच्या बाहेर, अलीकडं राहते. मी तिचं बोट उचललं नाही, तसंच मागं ओढत आणलं. नदीवरून, वाळूवरून, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत, आणि कडा ओलांडून तिच्या गुडघ्याजवळच्या सारवलेल्या भुईवर.

‘हितं,’ मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातनं बोट सोडवून घेतलं आणि त्या जागी आपला अख्खा तळवा पालथा ठेवला. बराच वेळ ती तो तसाच ठेवून बसली होती.